तळाची शेवटची ओळ

दिवाणखान्यातल्या टीपॉयवर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही, असं चष्मेवाल्यांनी घरात बजावून ठेवलं होतं. पटावर अर्धवट सोडलेला डाव होता. चष्मेवाल्यांची पांढरी, सासऱ्यांची काळी. आयुष्यात पहिल्यांदाच सासऱ्यांचा वजीर कोंडीत सापडला होता. आणखी चार चाली, की खेळ खलास. पण नेमकी जेवणाची वेळ झाली. "पुढच्या रविवारी बघू," असं म्हणून सासरे उठले, आणि पुढचा रविवार उजाडायच्या आत धाकट्या जावयाच्या परसातला स्विमिंग पूल पाण्याने भरला.

तेव्हापासून सासऱ्यांचा रविवार तिकडे. पटावर धूळ साचत होती आणि वजीर कोंडीत बसून कंटाळला होता.

"अहो, टीपॉय पुसू तरी द्या," बायको म्हणायची.

"पूस. पण पाय पूस फक्त. टीपॉयचे."

चष्मेवाले हे घरातले थोरले जावई. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. धाकट्या जावयाचं टाइल्सचं शोरूम होतं, म्हणून सगळे त्यांना टाइल्सवाले म्हणत. आणि दोघांचे सासरे हे क्रिकेटचे निवृत्त पंच. मैदान सुटलं तरी पंचगिरी सुटली नव्हती. दोन मुली, दोन जावई. पण म्हाताऱ्याने उभ्या आयुष्यात कुणाची बाजू घेतली नाही. थोरलीकडची भाजी चांगली झाली म्हणाले, तर संध्याकाळच्या आत धाकटीला फोन करून तिच्याही भाजीचं कौतुक करायचे, मग तिने त्या दिवशी भाजी केलेली असो वा नसो.

टाइल्सवाले खड्डा खणत होते तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसले होते ते चष्मेवालेच. "डास होतील," ते म्हणाले होते. डास झाले नाहीत. "गळेल." गळला नाही. खड्ड्याला दुकानातल्याच निळ्या टाइल्स लागल्या, पाणी भरलं, आणि ते पाणी असं काही निळं दिसायला लागलं की चष्मेवाल्यांच्या पोटात दुखायला लागलं. दर रविवारी टाइल्सवाले स्वतः गाडी घेऊन सासऱ्यांना न्यायला येत. सासरे काठावरच्या वेताच्या खुर्चीत बसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडत. हे दृश्य पाहिलं की चष्मेवाल्यांना सरबतही कडू लागायचं.

"चेहरा असा का केलाय?" बायकोने एकदा तिथेच विचारलं.

"कसा?"

"जळका."

"ऊन आहे," चष्मेवाले म्हणाले. ते सावलीत बसले होते.

आणि आता टाइल्सवाले बायकोला घेऊन आठवडाभर फिरायला निघाले होते. सोमवारी जायचं, रविवारी सकाळी परत. जाण्याआधी त्यांनी थोरल्या साडूंना बोलावून घेतलं आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात ठेवला.

"दादा, पूलकडे तेवढं बघा हं. घरचं माणूस असलं की बरं असतं. हे बघा, मोटर सकाळ-संध्याकाळ चालवायची. पावडर बादलीत विरघळवायची आणि मगच सगळीकडे फिरून टाकायची, एका जागी ओतायची नाही. जाळीने पाला काढायचा. आणि फिल्टरचा हा दांडा मोटर बंद केल्याशिवाय फिरवायचा नाही. इकडे केला की पाणी आत फिरतं, तिकडे केला की बाहेर जातं. लक्षात राहील ना?"

"न राहायला काय झालं!" चष्मेवाले म्हणाले. प्रत्यक्षात त्यांनी एक अक्षरही ऐकलं नव्हतं. ते सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्चीवर आता उशीसुद्धा आली होती.

गाडी वळणाआड गेली आणि चष्मेवाल्यांच्या डोक्यात एक साधा, सरळ, दुष्ट विचार आला. काहीच करायचं नाही. मोडायचं नाही, फोडायचं नाही, नुसतं विसरायचं. मोटर विसरायची, पावडर विसरायची. रविवारपर्यंत पाणी थोडं हिरवट झालं की सासरे त्यात पाय घालणार नाहीत. मग जातील कुठे? येतील आपल्या घरी, सोफ्यावर. आणि वजीर तर तिथे वाटच बघतोय.

सोमवारी ते विसरले. मंगळवारी तर फारच मन लावून विसरले. बुधवारी सकाळी जाऊन पाहिलं तर पाण्याला शेवाळी झाक आली होती आणि पायरीवर एक बेडूक मालकासारखा बसला होता. चष्मेवाल्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी बेडकाला नमस्कारच केला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. व्हिडिओ कॉल. समोर धाकटी मेहुणी.

"भाऊजी, कुठे आहात? पूलपाशी ना? दाखवा ना जरा! इथल्या हॉटेलचा पूल बघून ह्यांचा जीव नुसता आपल्या पूलमध्ये अडकलाय."

"इथे ना... रेंज नाही," चष्मेवाल्यांनी फोन स्वतःच्या नाकाजवळ धरला.

"तुमचा चेहरा तर स्वच्छ दिसतोय."

मागून टाइल्सवाल्यांचं डोकं आलं. "दादा, काही अडचण आहे का? संकोच करू नका. नसेल जमत तर माणूस पाठवतो मी. त्याचं कसं आहे, सगळ्यांनाच जमतं असं नाही. मलासुद्धा जमायला वेळ लागला."

त्या 'मलासुद्धा'ने चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जणू टाइल्सवाल्यांना जे महिन्यात जमलं ते चष्मेवाल्यांना जन्मात जमणार नव्हतं!

"उत्तम चाललंय," ते म्हणाले. "तुम्ही याल तेव्हा ओळखणार नाही तुमचं पाणी." आणि फोन बंद केला.

झालं. आता पाणी हिरवं ठेवून भागणार नव्हतं. ते निळं करायचं होतं; नुसतं निळं नाही, टाइल्सवाल्यांच्या पाण्यापेक्षा जास्त निळं. चष्मेवाल्यांनी दुकान मदतनिसावर सोपवलं, बाह्या सरसावल्या आणि पावडरचा डबा उघडला. काहीतरी कुठेतरी ओतायचं होतं किंवा ओतायचं नव्हतं, एवढं पुसटसं आठवत होतं. त्यांनी अख्खा डबा खोल बाजूला उपडा केला. पांढरा ढग पाण्यात उतरला आणि तेवढाच ढग वरही आला. ढग विरला तेव्हा तलाव दुधाळ दिसत होता, बेडूक शेजारच्या भिंतीवर जाऊन बसला होता आणि चष्मेवाल्यांच्या तपकिरी शर्टावर पांढरे ठिपके उमटले होते.

"हे काय झालं शर्टाला?" घरी बायकोने विचारलं.

"डिझाइन आहे."

"सकाळी नव्हतं."

गुरुवारी त्यांनी फिल्टरकडे मोर्चा वळवला. दोन्ही दिशांपैकी एक बरोबर असणार, असा हिशोब करून दांडा फिरवला आणि मोटर सुरू केली. मोटरचा आवाज असा दमदार आला की काम फत्ते झाल्याची त्यांची खात्री पटली. ते आत जाऊन टाइल्सवाल्यांच्या पंख्याखाली आडवे झाले आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली ती एका उंच, सुरेल किंकाळीने. भिंतीपलीकडे पियानो शिकवणाऱ्या बाई राहत. घोटाभर पाण्यात उभ्या राहून त्या भिंतीवरून डोकावत होत्या.

"अहो! माझ्या गुलाबांना पोहता येत नाही!"

चष्मेवाले धावत तलावापाशी आले. निम्मं पाणी नव्हतं. ते सगळं भिंतीच्या खालच्या पाइपातून बाईंच्या बागेत गेलं होतं. त्यांनी मोटर बंद केली, बाईंची माफी मागितली, त्यांच्या बागेतलं पाणी बादलीने उपसलं आणि एक उन्मळलेला गुलाब पुन्हा लावून दिला. उलटा लागला होता, तो बाईंनी काढून सरळ लावला. मग बागेच्या नळाला रबरी पाइप लावून तलाव भरत बसले. संध्याकाळ झाली, हात आखडले, कंबर धरली. पण तलाव काठोकाठ भरला. ह्या वेळी दांडा दुसऱ्या बाजूला होता.

आणि शुक्रवारी सकाळी ते आले तेव्हा पाणी निळं होतं.

त्या निळ्या रंगाने चष्मेवाल्यांचं काहीतरी बिघडलं. ते काठावर मांडी घालून बसले. सूर्य पाण्यात शिरून तळावर नाचत होता. हे आपण केलं. ह्या हातांनी केलं. टाइल्सवाल्यांनी टाइल्स लावल्या असतील, पण टाइल्स काय, कुणीही लावतो. पाणी स्वच्छ आहे हे तर दिसतच होतं, पण किती स्वच्छ? ते तडक दुकानात गेले आणि डोळे तपासायचा तक्ता घेऊन आले, तोच वर मोठी अक्षरं आणि खाली मुंगीएवढी असतात तो. त्याला प्लॅस्टिकचं आवरण घालून, दगड बांधून, त्यांनी तो खोल बाजूच्या तळाशी सोडला आणि काठावर पालथं पडून वाचायला लागले. शेवटून दुसरी ओळ वाचता येत होती. शेवटची नुसती अंधूक.

"जमेल," ते पाण्याला म्हणाले. दुकानात आलेल्या कुठल्याही गिऱ्हाइकाशी ते इतक्या मायेने बोलले नव्हते.

त्यांनी तळ घासला, कडा घासल्या, पायऱ्या जुन्या टूथब्रशने खरवडल्या. दुपारी जेवायला घरी गेले. जेवता जेवता मोटरच्या आवाजाचं वर्णन करत होते. बायकोने पोळी वाढायची थांबवली.

"अहो, तो पूल आपला नाहीये. आठवतंय ना?"

"नाव त्यांचं असेल," चष्मेवाले म्हणाले.

संध्याकाळी परत गेले आणि बघतात तर काय, पाण्यावर वाळका पाला पसरलेला. थोडाथोडका नाही, सुपलीच्या सुपल्या. त्यात बागेतली मातीसुद्धा. मोटर बंद. तळाच्या तक्त्यावरचं सगळ्यांत मोठं अक्षरही दिसेना. वाऱ्याने पाला येईल, पण वारा काही मोटरचं बटण बंद करत नाही!

कुणीतरी त्यांच्या पाण्यावर जळत होतं. ह्या विचाराने ते जसे चिडले तसे थोडे सुखावलेही. आजवर जळायचं काम त्यांच्याचकडे होतं. संशय पहिल्यांदा पियानोच्या बाईंवर गेला. गुलाबाचा सूड! अंधार पडेपर्यंत त्यांनी जाळी मारली, शनिवारी उजाडताच येऊन उरलेली माती काढली, दुपारपर्यंत पाणी पुन्हा निळं केलं. मग दार लावून गेल्यासारखं केलं, मागून येऊन मोटरच्या खोलीत शिरले आणि दाराच्या फटीला डोळा लावून बसले.

बाईंकडे पियानो वाजत होता. बराच वेळ कुणीच आलं नाही. मग फाटकाची कडी वाजली आणि पावलं आली. पांढरे बूट, पांढरी पँट, डोक्यावर रुंद काठाची पांढरी टोपी. हातात भरलेली सुपली.

सासऱ्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि पंच षटकाराची खूण करतात तशी सुपली दोन्ही हातांनी वर उचलून पाण्यात रिकामी केली.

"बाबा!"

सासऱ्यांच्या हातून सुपलीही पाण्यात पडली. क्षणभर त्यांनी काही झालंच नाही असा चेहरा करून पाहिला, पण पाला तरंगत होता.

"बाबा, तुम्ही? माझ्या पाण्यात?"

"तुमच्या?" सासरे म्हणाले. मग वेताच्या खुर्चीत मटकन बसले. "आता पकडलंच आहे तर सांगतो. कुणाला बोलायचं नाही. मला ह्या पूलचा वैताग आलाय हो. गार पाण्याने गुडघे ठणकतात. त्या पावडरच्या वासाने दोन दिवस नाक चोंदतं. पण धाकटे एवढ्या हौसेने न्यायला येतात, पाय स्वतः धरून पाण्यात सोडतात. नको कसं म्हणू? नको म्हणून तुमच्याकडे आलो, तर बाजू घेतल्यासारखं होतं. जन्मभर पंच म्हणून वागलो मी. म्हटलं, पाणीच खराब झालं तर कुणाला आउट द्यायचा प्रश्नच नाही. सामनाच रद्द."

चष्मेवाल्यांना गहिवरून आलं. "म्हणजे तुम्हाला आमच्याकडे यायचंय?"

"यायचंय म्हणजे काय! तुमचा तो सोफा, त्या सोफ्यावरची ती मऊ जागा. शेजारी खिडकी. पट मांडलेला. हातात गरम चहा. आणखी काय हवं असतं माणसाला?"

चष्मेवाल्यांनी डोळे पुसले. एवढे दिवस पोटात साठलेलं सगळं एका क्षणात विरघळलं. पण नजर पाण्याकडे गेली आणि दुसरंच संकट उभं राहिलं. उद्या साडू येणार. पाणी घाण ठेवावं तर सासरे आपले होतात, पण नाक कापलं जातं. "सगळ्यांनाच जमतं असं नाही" हे वाक्य मग मरेपर्यंत ऐकावं लागेल. पाणी स्वच्छ करावं तर सासरे पुन्हा खुर्चीत.

"बाबा, तुम्ही काळजी करू नका," ते शेवटी म्हणाले. "गुडघ्यांचं मी साडूंना सांगतो. माझ्या तोंडून जाईल, तुमच्यावर काही येणार नाही. पण पाण्याला आता हात लावू नका. ती सुपली मी बाहेर काढतो. आणि ती जाळी धरा."

सासरा आणि जावई तिन्हीसांजेपर्यंत पाला काढत राहिले.

रविवारी सकाळी टाइल्सवाले आले, बॅगा दारातच टाकून मागे परसात गेले आणि जागच्या जागी उभे राहिले. चष्मेवाले काठावर हात पाठीमागे बांधून उभे होते. सासरे उशीच्या खुर्चीत, पण बूट घालून. थोरलीही आली होती.

"दादा," टाइल्सवाल्यांनी विचारलं, "हे आपलंच पाणी?"

"तळाचा तक्ता वाचा."

टाइल्सवाले वाकले. धाकटीही वाकली. "भाऊजी, शेवटची ओळसुद्धा दिसतेय!"

"दृष्टी उत्तम," चष्मेवाले म्हणाले. एवढी वर्षं हे वाक्य त्यांनी गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, पण त्याची चव आज कळली. मग त्यांनी घसा खाकरला. "एक आहे साडूभाऊ. बाबांच्या गुडघ्यांना हे गार पाणी सोसत नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ते बोलले नाहीत. रविवारचं बसणं आमच्याकडेच ठेवू या का?"

टाइल्सवाल्यांचा चेहरा पडेल, असं चष्मेवाल्यांना वाटलं होतं. मनातून थोडी आशाही होती. पण तो चक्क उजळला.

"अहो, मग तर सुटलोच मी! खरं सांगू? दर रविवारी जाळी मारून मारून खांदे गेले माझे. केवळ बाबांना आवडतं म्हणून रेटत होतो. आजपासून आम्हीही दोघं तुमच्याकडेच येत जाऊ. पूलचं काय, एक माणूस ठेवून टाकतो. येईल रविवारचा, घासेल, जाईल."

"माणूस?" चष्मेवाल्यांचे कान टवकारले. "कसला माणूस?"

"असतात की. चार घरचे पूल करतात, आपलाही करेल."

चार घरचे! चष्मेवाल्यांच्या डोळ्यांसमोर एक अनोळखी, घामट इसम उभा राहिला. तो त्यांच्या पाण्यात परक्या पाण्यातली जाळी बुचकळत होता. त्यांच्या पायऱ्यांवर खराटा चालवत होता. कदाचित शीळही घालत होता.

"अजिबात नाही!" ते ओरडले. "दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये ह्या पाण्याला. मी येईन."

"अहो दादा, कशाला त्रास? तुम्हाला दुकान आहे."

"रविवारी बंद असतं."

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं. बोललेलं वाक्य स्वतःच्या कानापर्यंत पोचायला चष्मेवाल्यांना जरा वेळ लागला. तोवर टाइल्सवाल्यांनी किल्ल्यांचा जुडगा दोन्ही हातांनी त्यांच्या हातात परत ठेवला होता.

पुढच्या रविवारी मोटर सुरेख चालली होती. चष्मेवाले काठावर पालथे पडून तक्ता वाचत होते, तेव्हा फोन आला.

"दादा, मी तुमच्या घरूनच बोलतोय," टाइल्सवाले म्हणाले. मागे कपबशा वाजत होत्या. "काय सोफा आहे हो तुमचा! बरं, तो टीपॉयवरचा डाव..."

"हात लावू नका!" चष्मेवाले ताडकन उठले. "त्याला हात लावू नका, मी संध्याकाळी येतोय!"

"अहो, बाबा म्हणाले, सामना असा लटकत ठेवणं नियमात बसत नाही. तुमची पांढरी मी घेतली. बाबांचा वजीर आयताच कोंडीत होता. चार चालींत जिंकलो की! मला तर नीट खेळताही येत नाही."

"बाबांना द्या जरा फोन."

"बोला," सासरे म्हणाले. त्यांच्या तोंडात काहीतरी खुसखुशीत होतं.

"बाबा, तुम्हीच म्हणाला होतात ना, तुम्हाला आमच्याकडे यायचंय?"

"आलोय की."

"म्हणजे, माझ्याशी खेळायला ना?"

पलीकडे चघळणं थांबलं. पंचांनी निर्णय द्यायला थोडा वेळ घेतला.

"मी सोफा म्हणालो होतो," ते म्हणाले. "हे बघा, मी कुणाची बाजू घेत नाही. पण धाकटे एका चालीला फार वेळ लावत नाहीत. तुम्ही तर चहा निवला तरी उंटाकडेच बघत बसता. बरं, ठेवतो. नवा डाव मांडलाय त्यांनी."

फोन बंद झाला. चष्मेवाले काठावर उभे राहिले. तळाशी शेवटची ओळ स्पष्ट दिसत होती, एकेक अक्षर. झाडावरून एक पिवळं पान सुटलं आणि सावकाश पाण्यावर उतरलं. त्यांनी जाळी उचलली.

भिंतीवरून पियानोच्या बाई डोकावल्या. "वा, काय छान ठेवलंय हो पाणी! आज एकटेच? घरचे सगळे कुठे गेले?"

"घरी," चष्मेवाले म्हणाले. "माझ्या."